विमान उतरवितांना

विमानाच्या प्रवासांत पुष्कळांच्या मनांतील भीति एका ठराविक क्षणीं ओसरते. चाकें जमिनीला टेकल्याचा धक्का बसतो, कोणी सुस्कारा टाकतो, कोणी नकळत हात जोडतो, आणि सर्वांचाच जीव भांड्यांत पडतो. आकाशांतील संकट संपलें, आतां खालीं भक्कम जमीन आहे, असें मनाला वाटतें. वैमानिकाचें काम मात्र त्या क्षणीं संपलेलें नसतें. पन्नास-साठ टनांचें ओझें ताशीं अडीचशें किलोमीटरच्या आसपास वेगानें धांवत असतें, आणि तें एका मर्यादित लांबीच्या पट्टीवर थांबवावयाचें असतें. विमान जमिनीला टेकणें आणि विमान उतरणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धांवपट्टीवर जेव्हां तें सुखरूप थांबतें, तेव्हांच तें उतरलें असें म्हणावें.

या दोन गोष्टींच्या मधल्या अर्ध्या मिनिटांत काय काय घडूं शकतें, हें समजून घेण्यास १९९३ सालीं पोलंडची राजधानी वॉर्सा येथें झालेल्या एका अपघातासारखें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल. त्या दिवशीं कोणी बेफिकीर नव्हतें. उलट, प्रत्येकानें आपापल्या परीनें सावधगिरीच घेतली होती. आणि तरीहि विमान पट्टी ओलांडून पलीकडे गेलें. म्हणूनच त्याचा विचार करण्यासारखा आहे.

प्रथम वाऱ्याची गोष्ट. पक्ष्याला काय किंवा विमानाला काय, आकाशांत आधार जमिनीचा नसतो, हवेचा असतो. पंखांवरून हवा पुरेशा वेगानें वाहत राहिली तरच ते भार पेलतात. ब्रेकांना मात्र हवेच्या वेगाशीं कर्तव्य नसतें. जमिनीवर विमान किती वेगानें धांवतें आहे, एवढेंच त्यांना ठाऊक. या दोन वेगांत अंतर पाडतो तो वारा. कृष्णेच्या पात्रांत प्रवाहाविरुद्ध पोहणारा मनुष्य हातपाय तितकेच मारतो, पण कांठावरून पाहणाऱ्याला तो हळूहळू सरकतांना दिसतो. तोच मनुष्य प्रवाहाबरोबर पोहूं लागला कीं झपाट्यानें पुढें जातो. विमानाचेंहि तसेंच आहे. समजा, पंखांना ताशीं २५० किलोमीटर वेगाची हवा हवी आहे. समोरून ताशीं ४० किलोमीटरचा वारा वाहत असेल, तर विमान जमिनीवर २१० च्या वेगानें टेकेल. तोच वारा पाठीमागून असेल, तर वेग २९० होईल. आणि धांवती वस्तु थांबविण्यास लागणारें बळ वेगाच्या नुसत्या प्रमाणांत वाढत नाहीं. तें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. त्यामुळें २१० ऐवजीं २९० म्हणजे ब्रेकांवर पडणारें काम जवळजवळ दुप्पट. याच कारणासाठीं विमानें होतां होईल तों वाऱ्याच्या समोर तोंड करून उतरवितात.

वारा एकसारखा वाहील, तर हा हिशेब सोपा आहे. पण तो झोतांनीं येऊं लागला, आतां जोराचा तर क्षणांत मंद, आतां समोरून तर क्षणांत बाजूनें, म्हणजे वैमानिकापुढें खरी अडचण उभी राहते. समोरचा वारा एकाएकीं पडला, तर पंखांवरील हवेचा वेग तितक्यानें कमी होतो आणि विमान खालीं खचूं लागतें. जमीन हाताशीं आली असतांना असें खचणें प्राणघातक ठरूं शकतें. यावर उपाय म्हणून वैमानिक थोडा अधिक वेग जवळ राखून ठेवतात. प्रवासाला निघालेल्या मनुष्यानें अडीअडचणीसाठीं चार पैसे कनवटीला लावावे, त्यांतलाच हा प्रकार. ही सावधगिरी योग्यच आहे. परंतु ती फुकट मिळत नाहीं. राखून ठेवलेला वेग वाऱ्यानें खर्च केला नाहीं, तर तो जमिनीवर खर्च करावा लागतो. आणि त्याची किंमत धांवपट्टीच्या लांबींत मोजून द्यावी लागते.

आतां वॉर्सा येथील घटना. १९९३ च्या सप्टेंबर महिन्याची १४ तारीख. जर्मनीच्या लुफ्तान्सा कंपनीचें एअरबस ए-३२० जातीचें विमान फ्रँकफुर्टहून ६४ प्रवासी व ६ कर्मचारी घेऊन सायंकाळीं वॉर्साजवळ आलें. विमानतळावरून त्या वेळीं पावसाळी हवेची एक आघाडी पुढें सरकत होती. आधीं उतरलेल्या विमानाकडून वाऱ्याच्या अकस्मात् बदलाची खबर आली होती, आणि नियंत्रण-मनोऱ्यानें ती या वैमानिकांना तत्परतेनें कळविली. वारा उजव्या बाजूनें येत असल्याचें सांगण्यांत आलें होतें.

ही माहिती मिळाल्यावर वैमानिकांनीं दोन गोष्टी केल्या. एक, नेहमींपेक्षां ताशीं सुमारें ३७ किलोमीटर अधिक वेग ठेवला. दुसरी, आडव्या वाऱ्यानें विमान ढकललें जाऊं नये म्हणून उजवा पंख किंचित् खालीं झुकवून तें टेकविण्याचें ठरविलें. सांगितलेल्या हवेसाठीं या दोन्ही गोष्टी रीतीला धरून होत्या. दुर्दैव असें कीं, सांगितलेली हवा आणि प्रत्यक्षांतील हवा यांत तोंवर अंतर पडलें होतें. तें विमान पट्टीवर येईपर्यंत वारा फिरला होता. बाजूचा म्हणून ज्याचा बंदोबस्त केला, तो आतां पाठीमागून जोरानें लोटीत होता. त्याचाहि वेग ताशीं सुमारें ३७ किलोमीटर होता. राखून ठेवलेला वेग एक, आणि वाऱ्यानें भर घातलेला वेग दुसरा, असें मिळून विमान जमिनीवर ताशीं सुमारें ३१५ किलोमीटर वेगानें आलें.

पट्टी २,८०० मीटर लांब होती. तिच्या आरंभापासून ७७० मीटरवर उजवीं चाकें टेकलीं. डावीं मात्र टेकलीं नाहींत. उजवा पंख खालीं होता, आणि जादा वेगामुळें दोन्ही पंखांत अजून उचलण्याचें बळ शिल्लक होतें. एका पायावर उभा राहिल्याप्रमाणें तें विमान ओल्या पट्टीवरून तसेंच धांवत राहिलें. किती वेळ? नऊ सेकंद. डावीं चाकें टेकलीं तेव्हां आरंभापासूनचें अंतर १,५२५ मीटर झालें होतें. अर्ध्याहून अधिक पट्टी मागें पडली होती आणि पुढें अवघी १,२७५ मीटर उरली होती.

या नऊ सेकंदांत विमान थांबविण्याचें कोणतेंहि मोठें साधन कामाला आलें नाहीं. तें कां, हें पाहूं गेल्यास दुसऱ्या एका सावधगिरीपाशीं येऊन पोंचावें लागतें. ही सावधगिरी विमान बांधणाऱ्यांची.

मोठें प्रवासी विमान तीन उपायांनीं थांबतें. पंखांच्या वरच्या अंगावरील फळ्या उभ्या राहतात. त्यांना स्पॉयलर म्हणतात. त्यांच्यामुळें पंखांचें उचलण्याचें बळ नाहींसें होतें आणि सगळा भार चाकांवर येतो. इंजिनांतील हवेचा झोत पुढील दिशेला वळविला जातो. ही योजना रिव्हर्सर या नांवानें ओळखली जाते. आणि तिसरे, चाकांचे ब्रेक. यांतील पहिले दोन उपाय आकाशांत असतांना चुकून सुरू झाले, तर अनर्थ ओढवतो. ही नुसती कल्पना नव्हे. वॉर्सा येथील घटनेच्या दोनच वर्षें आधीं, १९९१ च्या मे महिन्यांत, लाउडा एअर कंपनीच्या एका बोइंग विमानाचा रिव्हर्सर थायलंडवरून जातांना हवेंत उघडला आणि आंतील २२३ माणसांपैकीं एकहि वांचलें नाहीं.

तेव्हां विमान खरोखर जमिनीवर आहे अशी खात्री पटल्याशिवाय हीं साधनें उघडूंच नयेत, असें कुलूप यंत्ररचनेंत घातलेलें असतें. ए-३२० मध्यें त्या काळीं हें कुलूप उघडण्याच्या अटी अशा होत्या: दोन्ही बाजूंच्या मुख्य चाकांच्या खांबांवर प्रत्येकीं निदान ६.३ टन भार यावा, किंवा चाकें ताशीं १३३ किलोमीटरहून अधिक वेगानें फिरूं लागावींत. दोहोंपैकीं एक अट पुरी झाली कीं स्पॉयलर उभे राहत. रिव्हर्सरला मात्र पहिलीच अट लागू होती. वॉर्साच्या पट्टीवर डावा पाय हवेंतच होता, म्हणून पहिली अट पुरी होईना. पट्टीवर पाणी सांचलेलें होतें, त्या पाण्याच्या थरावरून टायर घसरत गेले आणि चाकें हवीं तशीं फिरेनात, म्हणून दुसरीहि अट पुरी होईना. यंत्राच्या लेखीं विमान अजून आकाशांतच होतें. वैमानिकांना समोर पट्टी संपत आलेली दिसत होती. पण तें कुलूप हातानें उघडण्याची सोय त्यांच्यापाशीं ठेवलेली नव्हती.

डावीं चाकें टेकल्यावर स्पॉयलर उभे राहिले, रिव्हर्सर उघडूं लागले. चाकांचे ब्रेक लागावयास आणखी सुमारें चार सेकंद गेले. उरलेल्या पट्टींत थांबणें आतां अशक्य होतें. टोकापलीकडे मातीचा बांध दिसत होता. त्याच्याशीं समोरासमोर टक्कर होऊं नये म्हणून वैमानिकानें विमान उजवीकडे वळविलें. ताशीं सुमारें १३३ किलोमीटर वेगानें तें पट्टीबाहेर पडलें, आणखी ९० मीटर गेलें, आणि त्याचा डावा पंख बांधावर आदळला. त्या बाजूला आग लागली आणि ती प्रवाशांच्या दालनांत शिरली. सत्तरांपैकीं ६८ जण बाहेर पडले. दोघे मरण पावले. एक उजव्या आसनावरील वैमानिक. दुसरा एक प्रवासी, जो धुरानें बेशुद्ध पडला आणि सगळे बाहेर पडत असतांना आंतच राहिला.

अशा वेळीं दोष कोणाचा, हा प्रश्न साहजिकच पुढें येतो. पोलंडच्या चौकशी-मंडळानें प्रमुख कारण म्हणून वैमानिकांच्या निर्णयांकडे बोट दाखविलें. परंतु तेवढ्यावर तें थांबलें नाहीं. विमानाच्या रचनेमुळें थांबविण्याचीं साधनें वेळेवर वापरतां आलीं नाहींत, आणि अशा परिस्थितींत पट्टी किती अधिक लागेल याची पुरेशी माहिती वैमानिकांना दिलेल्या पुस्तकांत नव्हती, हेंहि मंडळानें नोंदविलें.

या नोंदी एकत्र वाचल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. वाऱ्याच्या बदलाची खबर देणें ही सावधगिरी होती. अधिक वेग ठेवणें ही सावधगिरी होती. पंख झुकविणें ही सावधगिरी होती. रिव्हर्सरला कुलूप घालणें हीहि सावधगिरीच होती. यांतील प्रत्येक गोष्ट एका विशिष्ट संकटाकडे पाहून योजलेली होती, आणि त्या संकटापुरती ती बरोबर होती. मात्र त्या दिवशीं जें संकट प्रत्यक्ष आलें, तें निराळें होतें. आणि त्याच्यापुढें याच सगळ्या गोष्टी एकमेकींच्या साहाय्यानें विमानाला पट्टीबाहेर घेऊन गेल्या. सावधगिरी एकदां घेतली म्हणजे काम झालें, असें समजण्यांत धोका असतो. ज्या परिस्थितीसाठीं ती घेतली, ती परिस्थिति अजून कायम आहे काय, हें शेवटच्या क्षणापर्यंत पाहत राहावें लागतें. वारा कोणाला विचारून फिरत नाहीं.

या अपघातापासून धडा घेतला गेला. लुफ्तान्साच्या ए-३२० विमानांत ६.३ टनांची अट २ टनांवर आणण्यांत आली, म्हणजे हलका भार पडतांच यंत्राला जमिनीची खूण पटावी. विमानतळांच्या बाबतींतहि असाच विचार झालेला आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोठ्या धांवपट्ट्यांच्या टोकापलीकडे निदान ९० मीटर, आणि शक्य तेथें २४० मीटर मोकळी, निर्धोक जागा ठेवावयाची असते. जेथें तितकी जागा नसते, तेथें सहज चुरणाऱ्या हलक्या काँक्रीटचा थर घालतात. चिखलांत बैलगाडी रुतावी तशीं विमानाचीं चाकें त्यांत रुततात. १९९९ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर पट्टी ओलांडून गेलेलें एक लहान प्रवासी विमान अशाच थरांत रुतून थांबलें आणि आंतील सर्वजण वांचले. पट्टीच्या टोकाशीं बांध आहे, कडा आहे, कीं मऊ थर आहे, यावर कित्येकदां माणसांचें दैव अवलंबून असतें.

हा प्रश्न केवळ युरोप-अमेरिकेचा आहे असें कोणी समजूं नये. पावसाळ्यांत मुंबईच्या विमानतळावर उतरलेल्या प्रत्येकाला समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याची आणि पाण्यानें झांकलेल्या पट्टीची ओळख आहे. २०१९ च्या जुलै महिन्याच्या पहिल्या तारखेस रात्रीं मुसळधार पावसांत जयपूरहून आलेलें एक विमान मुंबईची मुख्य धांवपट्टी ओलांडून पलीकडच्या गवतांत शिरलें. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. मात्र तें विमान हलवून पट्टी मोकळी होण्यास कित्येक दिवस लागले.

केरळांतील कोळिकोड येथें दैव इतकें उदार झालें नाहीं. तेथील विमानतळ टेकडीचा माथा सपाट करून केलेला. पट्टीच्या टोकापलीकडे उतार. २०२० च्या ऑगस्टच्या ७ तारखेस दुबईहून १९० माणसें घेऊन आलेल्या विमानानें पावसामुळें उतरण्याचा पहिला प्रयत्न सोडून दिला. तो निर्णय योग्य होता. दुसऱ्या वेळीं तें उलट दिशेनें आलें, आणि त्या दिशेला वारा पाठीमागून होता. २,७०० मीटरच्या पट्टीपैकीं जवळजवळ अर्धी मागें पडल्यावर चाकें टेकलीं. सहवैमानिकानें पुन्हां वर जाण्याची सूचना शेवटच्या क्षणीं दिली. पण तिचा अंमल झाला नाहीं. विमान टोकावरून खालीं कोसळलें आणि दोन्ही वैमानिकांसह २१ जणांना प्राणास मुकावें लागलें. तेथें आग लागली नाहीं, एवढेंच काय तें सुदैव. एकदां माघार घेतली होती; दुसऱ्यांदा ती घेतली गेली नाहीं. आणि पहिल्या वेळेचा शहाणपणा दुसऱ्या वेळेच्या हिशेबांत जमा धरतां येत नाहीं.

वॉर्सा आणि कोळिकोड यांमध्यें सत्तावीस वर्षांचें अंतर आहे. विमानें निराळीं, देश निराळे, पट्ट्या निराळ्या. तरी दोन्ही ठिकाणीं एक उपाय हाताशीं होता, आणि तो सर्व उपायांत साधा होता. चाकें वेळेवर टेकत नाहींत, वारा सांगितल्यापेक्षां निराळा दिसतो, पट्टी भराभर मागें पडते आहे, असें दिसतांच इंजिनांना पूर्ण जोर द्यावयाचा आणि विमान पुन्हां आकाशांत न्यावयाचें. वैमानिक याला गो-अराउंड म्हणतात. जमिनीपासून हातभर उंचीवर आल्यावरहि, फार काय, चाकें टेकल्यावरहि, तें करतां येतें. मात्र एकदां रिव्हर्सर उघडले म्हणजे परतीची वाट बंद झाली. त्यापुढें थांबणें एवढेंच उरतें. म्हणून हा निर्णय आधींच, आणि लवकर, घ्यावा लागतो.

उपाय साधा आहे, पण मनुष्यस्वभावाला तो जड जातो. प्रवास संपत आलेला असतो, पट्टी डोळ्यांसमोर असते, पाठीमागें दिवसभराचा शीण असतो. हातांतोंडाशीं आलेलें काम सोडून पुन्हां आरंभापासून सुरुवात करण्यास मन सहज तयार होत नाहीं. संसारांत काय आणि आकाशांत काय, शेवटच्या पायरीवरून माघार घेणें ही सर्वांत कठीण माघार असते. म्हणून पुष्कळ विमान-कंपन्यांनीं असा दंडक घातलेला आहे कीं, पुन्हां वर गेल्याबद्दल वैमानिकाला दोष द्यावयाचा नाहीं. सहवैमानिकानें तशी सूचना केली तर ती वादाचा विषय न करतां तत्काळ पाळावयाची, अशीहि शिकवण दिली जाते.

यांत प्रवाशांचाहि थोडा वांटा आहे. जमीन अगदीं जवळ आली असतांना इंजिनें एकदम गर्जूं लागतात, पाठ आसनाला चिकटते, खिडकींतून दिसणारीं घरें पुन्हां लहान होऊं लागतात. अशा वेळीं दालनांत घबराट पसरते, आणि घबराट ओसरल्यावर कुरकुर सुरू होते. कोणाला पुढची गाडी गांठावयाची असते, कोणाच्या घरचीं माणसें बाहेर तिष्ठत असतात. वैमानिकाला विमान धड उतरवितां आलें नाहीं, असाहि शेरा ऐकूं येतो. वास्तविक त्या क्षणीं समोरच्या दालनांत कोणी तरी हिशेब पुन्हां तपासून पाहिलेला असतो आणि तो जुळत नाहीं हें मान्य केलेलें असतें. वॉर्सा येथें पट्टीच्या पहिल्या नऊ सेकंदांत हेंच घडावयास हवें होतें. पंधरा-वीस मिनिटें उशीर होतो, थोडें इंधन अधिक जळतें, घरीं जेवण निवतें. एवढ्या किंमतींत सगळे घरीं पोंचत असतील, तर त्या वैमानिकाचे आभार मानूनच प्रवाशानें विमानाची शिडी उतरावी.